माणाची खिंड आणि मुक्कामाची जागा

मांजरसुंब्याच्या परिसरात राहणाऱ्या वाचकाला हिमाची वर्णने परकी वाटावीत, हे स्वाभाविक आहे. बालाघाटाच्या या माथ्यावर सोलापूर-धुळे महामार्ग आणि अहिल्यानगरहून अहमदपूरकडे जाणारा रस्ता एकमेकांना छेदतात. घाट चढून आलेली वाहने येथे क्षणभर विसावतात आणि पुढे जातात. येथे पाण्याचीच वाट पाहण्यात वर्षे जातात, तेथे बर्फाची चिंता कोण करणार? तरीही हिमकड्यांच्या इतिहासातील एक प्रश्न या चौरस्त्याला पुरता ओळखीचा आहे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या कोयता आणि संसार घेऊन याच रस्त्यांनी जातात. कोपी कोणत्या शेतात उभी राहणार, रात्र कोठे काढायची, हे टोळीतला मजूर ठरवीत नाही. ते ठरविणारे दुसरेच असतात. उंच पर्वतातही माणूस जगतो की हिमाखाली जातो, हे पुष्कळदा याच गोष्टीवर अवलंबून राहिले आहे. त्याने कधी निघावे, कधी थांबावे आणि मुक्काम कोठे करावा, हे कोणी आणि कशाच्या आधारावर ठरविले?

या प्रश्नाचा मागोवा घेताना आम्हांस चारशे वर्षांमागे जावे लागते आणि वाटेत आपल्याच धर्मसभेच्या इतिहासातील एक पान उघडते.

अंतोनियो दी आंद्रादे हे मूळचे पोर्तुगालमधील ओलेइरोस गावचे. १५९६ मध्ये ते येशूसंघात आले आणि १६०० मध्ये गोव्यास पोहोचले. पुढे मोगल दरबारातील मिशनकार्यासाठी त्यांना आग्र्यास पाठविण्यात आले. हे मिशन गोवा प्रांताच्याच अखत्यारीत होते. हिमालयापलीकडे कोठेतरी ख्रिस्ती लोकांची वस्ती आहे, अशा वार्ता त्या काळी कानांवर येत असत. त्यांचा छडा लावावा, या हेतूने ३० मार्च १६२४ रोजी फादर आंद्रादे आणि ब्रदर मानुएल मार्केश आग्र्याहून निघाले. दिल्लीत त्यांना बद्रीनाथला जाणारे यात्रेकरू भेटले. त्या यात्रेकरूंच्या सोबतीने, वेश पालटून, हे दोघे हरिद्वार आणि गढवालचे श्रीनगर या मार्गाने बद्रीनाथला आणि तेथून माणा या गावी पोहोचले. माणा हे गाव सुमारे ३,२०० मीटर उंचीवर आहे. तेथून तिबेटात जाणारी माणाची खिंड ५,६०० मीटरच्या आसपास आहे. आपल्या घाटमाथ्याची उंची मनात आणली, तर हे अंतर कसले आहे याची कल्पना येईल.

माणाचे भोटिया लोक पिढ्यान् पिढ्या तिबेटाशी व्यापार करीत आले होते. खिंड कधी उघडते आणि कधी मिटते, हे त्यांना पाठ होते. वर्षातून जेमतेम दोन महिने तेथून जाता येते, असे स्वतः आंद्रादे यांनीच नंतर लिहून ठेवले. पण त्या वेळी त्यांच्यापुढे दुसरेच संकट होते. श्रीनगरच्या राजाचा आपल्याला अडविण्याचा हुकूम येत आहे, अशी कुणकुण त्यांना लागली. तेव्हा ब्रदर मार्केश यांना माणा येथे मागे ठेवून, दोन ख्रिस्ती सेवक आणि एक स्थानिक वाटाड्या यांच्यासह ते हिम वितळण्याआधीच पुढे निघाले. राजाच्या माणसांनी त्यांना वाटेत गाठले. त्यांच्या धमक्यांनी वाटाड्या परत फिरला. आंद्रादे आणि ते दोघे सेवक मात्र चालतच राहिले.

पुढे जे घडले त्याचे वर्णन त्यांच्या पत्रात आहे. हे पत्र नोव्हेंबर १६२४ मध्ये आग्र्याहून लिहिले गेले आणि १६२६ मध्ये लिस्बन येथे छापले गेले. कमरेपर्यंत, कधी छातीपर्यंत ते हिमात रुतत. काही ठिकाणी पाण्यात पोहावे तसे अंग आडवे टाकून सरकावे लागे. रात्री कांबळी अंथरून-पांघरून तिघे एकमेकांस चिकटून पडत, आणि वरून पडणाऱ्या हिमात आपण गाडले जाऊ नये म्हणून पुन्हा पुन्हा उठून ते झटकीत. हातापायांतील संवेदना इतकी नाहीशी झाली की, बोटाचा एक तुकडा तुटून पडला तेव्हा रक्त दिसल्यावरच त्यांना ते समजले. हिमावरून परावर्तित होणाऱ्या उन्हाने त्यांचे डोळे गेल्यासारखे झाले. पंचवीस दिवस प्रार्थनाग्रंथातील एक अक्षरही वाचता आले नाही. अखेर ते खिंडीच्या माथ्यावर पोहोचले, तेव्हा समोर एक अफाट पांढरे पठार पसरले होते. वाटेची एकही खूण दिसत नव्हती. त्यांना माघारी फिरावे लागले. ब्रदर मार्केश यांच्याशी पुन्हा गाठ पडली, तेव्हा कोठे जिवाची शाश्वती वाटू लागली.

या साऱ्या यातनांपेक्षा त्यानंतर जे झाले ते आम्हांस अधिक बोधप्रद वाटते. आंद्रादे थांबले. हिम वितळेपर्यंत त्यांनी महिनाभराहून अधिक काळ वाट पाहिली. मग माहीतगार माणसांच्या सोबतीने तीच खिंड ओलांडून ऑगस्ट १६२४ च्या आरंभी ते गुगे राज्याची राजधानी त्सापारांग येथे पोहोचले. पुढील वर्षी ते पुन्हा तेथे गेले, आणि १६२६ च्या ईस्टरच्या सुमारास तेथील राजाच्या साहाय्याने मंदिराची कोनशिला बसविण्यात आली. १६३० मध्ये गोवा प्रांताचे प्रमुख म्हणून ते परत गेले. १९ मार्च १६३४ रोजी गोव्यातच विषप्रयोगाने त्यांचा अंत झाला. त्यांचे धैर्य दोन्ही प्रवासांत सारखेच होते. पहिला प्रवास फसला आणि दुसरा साधला, तो ऋतूमुळे आणि वाट जाणणाऱ्या माणसांमुळे.

गोव्यास उतरलेल्या आणखी एका येशूसंघीयाने हा धडा गिरविला. फादर इप्पोलितो देसिदेरी १७१३ मध्ये गोव्यास आले. तिबेटला जाण्यासाठी ते काश्मीरपर्यंत गेले, तेव्हा हिवाळा लागला होता. झोजी ला खिंड बंद होती. त्यांनी आणि त्यांचे सोबती फादर मानुएल फ्रेयरे यांनी संपूर्ण हिवाळा काश्मिरात काढला. मे १७१५ मध्ये निघून जूनच्या अखेरीस ते लेहला पोहोचले. त्या थंड वाटेची फादर फ्रेयरे यांनी इतकी धास्ती घेतली की, त्याच मार्गाने परत यावयास ते तयार होईनात. दुसरा सुसह्य मार्ग शोधत दोघे पूर्वेस ल्हासाकडे वळले, आणि देसिदेरी यांच्या तिबेटविषयक ग्रंथाची बीजे अशा रीतीने पेरली गेली.

आता हे हिम माणसाला नेमके कसे दगा देते, ते पाहू. हिवाळ्यात डोंगरावर एकदाच बर्फ पडून थांबत नाही. ते थराथरांनी साचत जाते. प्रत्येक थर ज्या दिवशी पडला त्या दिवसाची हवा, ऊन आणि वारा आपल्या अंगात साठवून ठेवतो. एखादा थर घट्ट, एखादा भुसभुशीत, एखादा उन्हाने वितळून पुन्हा गोठलेला. खालची जमीन त्या मानाने उबदार असते, वरची हवा कडाक्याची थंड. या फरकामुळे थरातील बाष्प वर सरकते आणि खालच्या हिमाचे कण हळूहळू जाड, कोरडे, कोनदार होत जातात. ते थेट जाड्या साखरेसारखे दिसतात आणि साखरेसारखेच एकमेकांना धरून राहत नाहीत. त्यावर पुढे वादळात दोन-तीन फूट नवे हिम पडते. वारा एका अंगाचे हिम उचलून डोंगराच्या दुसऱ्या, निवाऱ्याच्या अंगावर नेऊन टाकतो, आणि तेथे भार दुप्पट होतो. वरून सारे शुभ्र, समतल आणि शांत दिसते.

खळ्यावर ज्वारीची रास उतरती करून तिच्यावर एक जड फळी ठेवली आणि त्या फळीवर कोणी उभे राहिले, तर काय होईल हे शेतकऱ्याच्या घरातील मुलालाही सांगता येईल. हिमकडा नेमका असाच सुटतो. वरचा घट्ट थर ही फळी आणि खालचा साखरेसारखा थर ही ज्वारी. उतार साधारण तीस ते पंचेचाळीस अंशांचा असला म्हणजे धोका सर्वांत मोठा. त्याहून कमी उतारावर हिम सहसा टिकून राहते, आणि फारच उभ्या कड्यावर ते साचतच नाही. कधी वरून नवीन भार पडतो, कधी ऊन थर सैल करते, आणि पुष्कळदा चालणाऱ्या माणसाच्या वजनानेच तो मोडतो. पायाखाली धप्प असा पोकळ आवाज येणे, हिमावर लांब तडा जाणे, शेजारच्या उतारावरून ताजा कडा कोसळलेला दिसणे, या त्याच्या पूर्वसूचना. एकदा सुटला की तो आगगाडीच्या वेगाने खाली येतो, आणि थांबताच दगडासारखा घट्ट होतो. आत सापडलेल्यास पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढले, तर वाचण्याची आशा पुष्कळ असते. अर्ध्या तासानंतर ती झपाट्याने मावळते. म्हणूनच हिमकड्याशी खरी झुंज तो कोसळण्यापूर्वी द्यावी लागते.

आंद्रादे यांना हे शास्त्र ठाऊक असणे शक्य नव्हते. त्या उंचीवर धडधाकट माणसेही अचानक आजारी पडून दगावतात. जमिनीतून निघणाऱ्या विषारी वाफांमुळे असे होते, असे स्थानिक लोक मानीत. आंद्रादे यांनी त्याचे कारण थंडी आणि अपुरे अन्न यांत शोधले. आज आपण जाणतो की, विरळ हवेमुळे होणारा तो विकार होय. कारणांबाबत दोघांचाही तर्क चुकला. पण त्या जागी रेंगाळू नये आणि ऋतू नसताना जाऊ नये, हा माणावासीयांचा निष्कर्ष मात्र खरा होता. कारण न कळताही परिणाम अचूक ओळखणारे ज्ञान लोकांपाशी असते. त्याला अडाणीपणा समजून बाजूला सारणे महागात पडते.

युरोपातील आल्प्स पर्वतातही धर्मसभेने हे ज्ञान जतन केले. अकराव्या शतकाच्या मध्यास आओस्ता येथील आर्चडीकन संत बर्नार्ड यांनी २,४६९ मीटर उंचीच्या खिंडीत वाटसरूंसाठी आश्रयगृह उभारले. तेथील मठवासी धुक्यात व वादळात वाटेवर जाऊन प्रवाशांना शोधीत, लांब काठ्यांनी हिम चाचपीत, आणि पुढे कुत्र्यांचे साहाय्य घेत. त्यांतील बॅरी नावाच्या कुत्र्याची कीर्ती आजही सांगितली जाते. या सेवेत काही मठवासी स्वतःच हिमाखाली गेले. १९२३ मध्ये पोप अकरावे पायस यांनी संत बर्नार्ड यांना गिर्यारोहकांचे आश्रयदाते म्हणून घोषित केले. हे पोप तरुणपणी स्वतःही गिर्यारोहक होते. प्रवाशाला नुसता आशीर्वाद देऊन खिंडीत सोडावयाचे नाही, आज पुढे जाऊ नको असे सांगावयाचे आणि थांबण्यासाठी छप्पर व भाकरीही द्यावयाची, अशी ही परंपरा होती.

भारतात हिमकड्यांचा पद्धतशीर अभ्यास करण्यासाठी १९६९ मध्ये मनाली येथे संरक्षण खात्याची संशोधन संस्था उभी राहिली. २०२० मध्ये ती दुसऱ्या एका संस्थेत विलीन होऊन चंडीगड येथील संरक्षण भू-माहिती संशोधन आस्थापना अस्तित्वात आली. हिमात खड्डा खणून थर तपासणे, प्रत्येक थराचे तापमान आणि घट्टपणा मोजणे, नवे हिम किती पडले याची नोंद ठेवणे आणि त्यावरून इशारे देणे, हे काम आता नित्याचे झाले आहे. तरीही बळी जातात. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचीनमधील सोनम ठाण्यावर हिमकडा कोसळून दहा जवान गाडले गेले. त्यांत सातारा जिल्ह्यातील एक जवान होता. धारवाड जिल्ह्यातील लान्स नायक हनुमंतप्पा कोप्पड सहा दिवसांनी जिवंत सापडले तेव्हा सारा देश प्रार्थना करीत होता. ११ फेब्रुवारीस त्यांनी दिल्लीत अखेरचा श्वास घेतला. सैनिकाला ठाणे सोडता येत नाही, हे समजण्यासारखे आहे. पण रस्त्याच्या कामावरील मजुराचे काय?

येथे आम्हांस पुन्हा माणा गावी जावे लागते. १९६२ च्या युद्धानंतर तिबेटाशी होणारा भोटियांचा व्यापार थांबला. पण त्यांची एक रीत टिकून राहिली. दिवाळीनंतर बद्रीनाथाचे मंदिर बंद होते, तेव्हा माणाचे लोक घरांना कुलपे लावून खालच्या वस्त्यांत उतरतात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. आपल्याकडच्या टोळ्या दिवाळीला घर सोडतात ते पोटासाठी. माणाचे लोक त्याच सुमारास घर सोडतात ते थंडी आणि हिम यांपासून जीव राखण्यासाठी. आता खिंडीपर्यंत मोटाररस्ता झाला आहे. तो खुला ठेवण्यासाठी ऐन हिवाळ्यातही मजूर लागतात. गाव ज्या महिन्यांत रिकामे असते, त्याच महिन्यांत गावाजवळ मजुरांची छावणी असते.

२८ फेब्रुवारी २०२५ च्या सकाळी बद्रीनाथ आणि माणा यांच्या दरम्यान असलेल्या अशाच एका छावणीवर हिमकडा कोसळला. सीमा रस्ते संघटनेच्या कामावरील ५४ जण पोलादी कंटेनरांत राहत होते. ४६ जणांना जिवंत बाहेर काढण्यात आले. ८ जण मृत्युमुखी पडले. हवामान वाईट असताना तीन दिवस चाललेल्या मदतकार्यातील जवानांच्या शौर्याबद्दल दुमत नाही. पण चमोली जिल्ह्यातील उंच भागात हिमकड्यांचा धोका असल्याचा इशारा आदल्याच दिवशी प्रसृत झाला होता. त्यापूर्वी चार वर्षे, २३ एप्रिल २०२१ रोजी, याच जिल्ह्यात सुमना येथे रस्त्याच्या कामावरील छावण्यांवर हिमकडा कोसळून दहाहून अधिक मजूर दगावले होते आणि ३८४ जणांची सुटका करावी लागली होती. म्हणजे शास्त्राने सांगितले होते, गेल्या दुर्घटनेने सांगितले होते, आणि रिकामे झालेले गावही आपल्या परीने तेच सांगत होते. ज्यांना त्या उतारांखाली झोपावयाचे होते, ते मात्र दूरदूरच्या प्रांतांतून रोजगारासाठी आलेले होते. डोंगर त्यांच्या ओळखीचा नव्हता आणि मुक्कामाची जागा त्यांनी निवडलेली नव्हती.

आंद्रादे यांच्या प्रवासाशी याची तुलना केली, तर एक मूलभूत फरक दिसतो. आंद्रादे यांनी धोका स्वतः पत्करला. फसल्यावर थांबण्याचे स्वातंत्र्यही त्यांना होते. छावणीतील मजुराने आज कामावर जाणार नाही, येथे झोपणार नाही, असे म्हटले, तर त्याची मजुरी बुडते. आंद्रादे यांच्याबरोबर चाललेल्या त्या दोन सेवकांनी परत फिरू या असे म्हटले असते, तर त्यांचे कोणी ऐकले असते का, हेही विचारावेसे वाटते. इतिहास पुढाऱ्यांची नावे जपतो. हिमात तितकेच रुतलेल्या इतरांना तो सेवक, मजूर, टोळी अशा शब्दांत गुंडाळून टाकतो.

आपल्या महाराष्ट्रात हिम नाही, पण दरडी आहेत. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडी झोपेतच मातीखाली गेली. चिखल आणि हिम यांचे शास्त्र वेगळे आहे. उतार, साचलेला भार आणि पायथ्याशी झोपलेली वस्ती ही त्रयी मात्र एकच. डोंगरावर भार वाढत असताना पायथ्याची वस्ती हलविण्याचा अधिकार कोणाला, आणि ती हलविली तर त्या लोकांनी जावे कोठे, याचे उत्तर पाऊस पडण्यापूर्वी द्यावे लागते.

आपल्या धर्मग्रामांतील मुलगे सैन्यात जातात, दूरच्या कामांवर जातात. युवक मंडळे हौसेने हिमालयात पदभ्रमणाला जातात. निघताना त्यांच्यासाठी आपण मिस्सा अर्पण करतो, डोक्यावर हात ठेवतो. ते योग्यच आहे. त्याबरोबर घरच्या वडीलधाऱ्यांनी तीन गोष्टी विचारून ठेवाव्यात, असे आम्हांस वाटते. रात्रीचा मुक्काम कोणत्या उताराखाली आहे? तेथील हिमाचे किंवा पावसाचे इशारे रोज कोण पाहतो? आणि इशारा आला, तर काम किंवा वाटचाल थांबविण्याचा अधिकार जागेवर हजर असलेल्या कोणाला आहे? यांपैकी तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा मिळत नाही. ते मिळेपर्यंत विचारीत राहिले पाहिजे. मग जाणारा आपल्या घरचा असो, वा मांजरसुंब्याच्या चौरस्त्यावरून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून जाणाऱ्या एखाद्या अनोळखी टोळीतला असो.